जुन्या गेमचा नकाशा आणि नव्या मॉनिटरच्या कडा

रेड अलर्ट २ या युद्धाच्या कॉम्प्युटर गेममध्ये माऊस पडद्याच्या कडेला टेकवला की नकाशा त्या बाजूला सरकतो. २००० साली गेम आला तेव्हा तरी सरकायचा. माझ्या आत्ताच्या मशीनवर तो चक्क उडत होता. ओअर म्हणजे खनिज गोळा करणारा ट्रक कुठे अडकलाय ते बघावं म्हणून माऊस उजवीकडे न्यावा, तर पापणी लवायच्या आत नकाशाचं पार दुसरं टोक. परत फिरावं तर पहिलं टोक. मधलं काही बघायचं असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या रडारवर नेमकं क्लिक करत बसायचं. भाचा शेजारी खुर्ची ओढून बसला होता. थोडा वेळ बघून म्हणाला, "मामा, तुम्ही लोक हे असं खेळायचात? मला नुसतं बघून मळमळायला लागलंय."

ऑप्शन्समध्ये स्क्रोल रेटची पट्टी असते. ती पार हळूच्या टोकाला नेली तरी फरक एकोणीस-वीसचा.

या सगळ्या उद्योगाला निमित्त झालं नव्या मॉनिटरचं. २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेल, १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. घरात "ऑफिसच्या कामाला लागतो" असं सांगून घेतला, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. जुना २२ इंची मॉनिटर टाकवेना, म्हणून तो बाजूला दुसरा पडदा म्हणून लावला. त्यानंतर मी अजूनही अधूनमधून खेळतो ते जुने गेम एकेक करून कुरकुरायला लागले. वरवर सगळ्यांची तक्रार एकच, पडदा धड सरकत नाही. आतून मात्र प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघालं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेना. नेटवर शोधलं तर "स्क्रोलिंग प्रॉब्लेम" या एका नावाखाली चार वेगवेगळे उपाय एकत्र कालवलेले सापडतात. म्हणून माझ्या मशीनवर कशामुळे काय झालं ते सुटं करून लिहितोय.

आधी वेगाचं. त्या काळातले गेम आतून एकाच चक्रात फिरत असतात. माऊस-कीबोर्ड बघा, नकाशा सरकवायचा असेल तर ठरलेला तुकडा सरकवा, चित्र काढा, पुन्हा पहिल्यापासून. सैन्याच्या हालचालीला घड्याळ लावलेलं असतं, त्यामुळे रणगाडे आपल्या चालीनेच चालतात. नकाशा सरकवण्याला मात्र असं घड्याळ नसतं. पहिल्या रेड अलर्टचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, ईए या गेम कंपनीने २०२० मध्ये खुला केला. त्यात हे सरळ दिसतं: खेळाच्या पुढच्या टप्प्याला अजून वेळ आहे म्हटलं की प्रोग्राम तेवढा वेळ माऊस बघत आणि नकाशा काढत राहतो. पेन्टियमच्या जमान्यात एकदा नकाशा काढण्यातच मशीनचा जीव जायचा, त्यामुळे हा उरलेला वेळ नसल्यातच जमा होता. आजच्या प्रोसेसरला तोच वेळ म्हणजे मोकळं रान. दोन टप्प्यांच्या मध्ये तो नकाशा किती वेळा सरकवेल याला धरबंध नाही. रेड अलर्ट २ चा कोड खुला झालेला नाही, पण घराणं तेच आणि लक्षणंही तीच.

यावर मी वापरलेलं औषध म्हणजे सीएनसी-डीड्रॉ. गिटहबवर मोफत आहे, सोर्सही खुला आहे. हे जुने गेम पडद्यावर चित्र काढायला मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टड्रॉचा आधार घेतात. विंडोजमध्ये डायरेक्टड्रॉ अजून आहे, पण नावापुरतं. रेड अलर्ट २ सोळा बिट रंगांत चालतो, आणि विंडोज ८ पासून डेस्कटॉप कायम बत्तीस बिटचाच असल्यामुळे जुने मोड फक्त नक्कल करून दाखवले जातात. सीएनसी-डीड्रॉची डीड्रॉ डॉट डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की गेम विंडोजची फाइल शोधायच्या आधी हीच उचलतो, आणि पुढचं चित्र काढायचं काम ओपनजीएल किंवा डायरेक्ट३डी या नव्या यंत्रणांकडे जातं. गेमच्या मूळ फाइलला हात लागत नाही. नको झालं तर ती डीएलएल उचलून बाहेर ठेवायची, गेम होता तसा.

सोबत सेटिंग्जची आयएनआय फाइल येते. ती नोटपॅडमध्ये उघडली की दोन आकडे शेजारीशेजारी असल्यासारखे वाटतात आणि तिथेच बऱ्याच जणांची गाडी अडते. एक मॅक्सएफपीएस, दुसरा मॅक्सगेमटिक्स. पहिल्याने फक्त पडद्यावर चित्र किती वेळा पोचवायचं ते ठरतं. तो ६० केला तरी गेमचं चक्र आत भरधाव फिरतच राहतं, तुम्हाला त्यातली कमी चित्रं दिसतात एवढंच, म्हणजे नकाशा तितकाच पळतो आणि वर तुटक दिसतो. नकाशाला लगाम लागतो दुसऱ्या आकड्याने. मी तो ६० ठेवला. फाइलच्या खालच्या भागात ओळखीच्या गेमच्या नावाने वेगळे कप्पे असतात, आणि वरच्या सर्वसाधारण भागात काही लिहिलं असलं तरी आपल्या गेमच्या कप्प्यातलं वरचढ ठरतं. तेव्हा आकडा बदलून फरक पडला नाही तर आधी खाली जाऊन तो कप्पा बघायचा.

गेम पुन्हा सुरू केला. माऊस उजव्या कडेला, साइडबारच्याही पलीकडे अगदी शेवटच्या पिक्सेलवर टेकवला आणि नकाशा निवांत सरकला. झाडं, ओअरचे पिवळे ठिपके, नदीवरचा पूल, सगळं एकामागोमाग एक, ओळखू येईल असं. आता स्क्रोल रेटच्या पट्टीलाही अर्थ आला. ती मी मधोमध ठेवली आहे. भाच्याने दोन मिनिटं टेस्ला कॉइलने कुत्री भाजली आणि मग मोबाइल काढला. असो.

नाशिकच्या एका मित्राला हे कळवलं तर त्याचं रडगाणं अगदी उलटं. त्याच्या लॅपटॉपवर नकाशा चिखलातून ओढल्यासारखा चालतो, मेन्यूतला माऊससुद्धा अडखळतो. त्याच्याकडे गेम प्रत्येक चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत बनवत होता, आणि नक्कल केलेल्या डायरेक्टड्रॉमध्ये तिथलं परत वाचायचं म्हणजे फार हळू काम. आरए२ डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हिडिओ नावाच्या भागाखाली "व्हिडिओबॅकबफर" ही ओळ घालून तिच्यापुढे "नो" लिहायला सांगितलं. गेम साध्या रॅममध्ये चित्र बनवायला लागला आणि चिखल गेला. युरीज रिव्हेंज खेळत असाल तर फाइल आरए२एमडी डॉट आयएनआय, ही त्या विस्ताराची वेगळी असते. याच फाइलमध्ये स्क्रीनविड्थ आणि स्क्रीनहाइट लिहून पडद्याचा आकारही वाढवता येतो. मी २५६० बाय १४४० लिहून बघितलं आणि लगेच मागे आलो. नकाशा इतका दिसतो की सरकवायची गरजच संपते, आणि सैनिक मुंगीएवढे होतात. १२८० बाय ७२० मध्ये चित्र बरोबर दुप्पट ताणलं जातं आणि डोळ्यांनाही बरं वाटतं. माझ्या मते या गेमला त्याहून मोठा पडदा देऊच नये, अर्धी मजा धुक्यात पुढे काय आहे हे न दिसण्यात आहे.

आता झीरो अवर. त्याच घराण्यातल्या जनरल्स या गेमचा २००३ चा विस्तार. हा डायरेक्ट३डी ८ वर चालतो, म्हणजे वरच्या डीड्रॉचा इथे काही संबंध नाही. इथे नकाशा पळत नव्हता. डावीकडे सरकायचा, वर सरकायचा. उजवीकडे आणि खाली मात्र ढिम्म. माऊस कडेला घासून घासून दाबला तरी नाही.

हे लक्षण पाहिलं की माऊस बदलायला धावू नका, गेम पुन्हा इन्स्टॉल करायलाही नको. दोनच कडा मेल्यात आणि त्या उजवी आणि खालची आहेत, यातच उत्तर आहे. मोठ्या मॉनिटरवर अक्षरं बारीक दिसू नयेत म्हणून विंडोज डेस्कटॉप मोठा करून दाखवतं. माझ्याकडे ते १२५ टक्क्यांवर होतं. नव्या प्रोग्रामना हे समजतं. २००३ च्या प्रोग्रामला समजत नाही, म्हणून विंडोज त्याला थाप मारतं की पडदा २०४८ बाय ११५२ चाच आहे. माऊसचा पत्ताही त्याच हिशोबाने, सव्वाने भागून सांगितला जातो. इकडे गेमने स्वतःच्या ऑप्शन्स डॉट आयएनआयमध्ये २५६० बाय १४४० लिहून ठेवलंय. तो वाट बघतोय की माऊस २५५९ व्या पिक्सेलवर येईल तेव्हा उजवीकडे सरकेन. आपण माऊस खऱ्या उजव्या कडेला टेकवतो, आणि गेमला सांगितलं जातं २०४७. तो म्हणतो, अजून पाचशे पिक्सेल बाकी आहेत. डाव्या आणि वरच्या कडेचा पत्ता शून्य. शून्याला सव्वाने भागा नाहीतर दीडने, शून्यच राहतं. म्हणून त्या दोन कडा जिवंत.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल तात्पुरतं १०० टक्के करून गेम चालवून बघायचा. चारही कडा चालू झाल्या तर निदान पक्कं. मग स्केल परत आपल्या सोयीचं ठेवायचं आणि फक्त गेमपुरता बंदोबस्त करायचा. जनरल्स डॉट ईएक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, त्यात खाली "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज", आणि उघडलेल्या चौकटीत सगळ्यात खालच्या ओव्हरराइडच्या खुणेवर टिक करून यादीतून "अ‍ॅप्लिकेशन" निवडायचं. याचा अर्थ, या प्रोग्रामचा आकार विंडोजने ठरवायचा नाही, त्याला खरा पडदा दाखवायचा. "सिस्टिम" निवडलं तर थाप चालूच राहते. अनेक जुन्या गेमना एक छोटा लाँचर असतो आणि खरा गेम दुसऱ्याच फाइलमध्ये, रेड अलर्ट २ मध्येही तसंच, आरए२ डॉट ईएक्सई नुसतं दार उघडतं आणि आत गेम डॉट ईएक्सई चालतो. अशा वेळी दोन्हीवर टिक करून टाकावी, विचार करत बसू नये.

झीरो अवरमध्ये स्क्रोलिंगचा आणखी एक रुसवा आहे, तो मात्र मी आहे तसा चालवून घेतलाय. गेम सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेला आहे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर इतर सगळं लोण्यासारखं चालत असताना नकाशा तीस हिसक्यांनी सरकतो. मर्यादा काढून टाकता येते, पण इथे सैन्य, बांधकाम, पैसे सगळं त्याच फ्रेमवर मोजलं जातं. मर्यादा काढली की अख्खं युद्ध धावायला लागतं. ईएने २०२५ च्या फेब्रुवारीत जनरल्स आणि झीरो अवरचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केलाय, त्यामुळे चित्र आणि हिशोब वेगळे करायचं काम आता हौशी प्रोग्रामरांच्या आवाक्यात आहे. तोवर ऑप्शन्स डॉट आयएनआयमधला स्क्रोलफॅक्टर कमी ठेवला की प्रत्येक हिसका लहान होतो आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. फाइल डॉक्युमेंट्समध्ये, गेमच्या नावाच्या फोल्डरमध्ये सापडते.

कडा जाग्या झाल्या आणि मग दुसऱ्या मॉनिटरने डोकं वर काढलं. तो माझ्या उजव्या हाताला आहे. उजव्या कडेला माऊस टेकवायला गेलं की तो न थांबता सरळ शेजारच्या पडद्यावर. नकाशा जागच्या जागी. घाईत तिथे क्लिक झालं की गेम मिनिमाइज, आणि परत येईपर्यंत शत्रूच्या, म्हणजे जीएलए सैन्याच्या मोटारसायकली आपल्या सप्लाय सेंटरवर नाचतायत. रेड अलर्ट २ मध्ये हा त्रास नाही, कारण सीएनसी-डीड्रॉ माऊसला गेमच्या आत कोंडून ठेवतं आणि बाहेर पडायचं तर कंट्रोल-टॅब दाबावं लागतं. झीरो अवरला असं कुंपण नाही. विंडोजची कळ आणि पी दाबून "पीसी स्क्रीन ओन्ली" करणं हा सरळ उपाय, पण मग दुसऱ्या पडद्यावर चालू ठेवलेली मॅच जाते. मला आवडलेली युक्ती वेगळी आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही पडद्यांचे चौकोन दिसतात. त्यातला दुसरा चौकोन माऊसने धरून पहिल्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला तिरका लावायचा, दोघांचा फक्त कोपऱ्याला कोपरा टेकेल असा. आता उजवी कड जवळजवळ पूर्ण बंद भिंत झाली. माऊस दुसरीकडे जातो तो फक्त त्या कोपऱ्यातून. काही डाउनलोड करायला नको, मागे काही चालवायला नको. रोजच्या कामात सुरुवातीला जरा गोंधळ उडतो, मग हाताला सवय होते. बायकोने एकदा माझ्या मशीनवर बसून "तुझा माऊस बिघडलाय" असं जाहीर केलं, तेव्हापासून खेळून झालं की चौकोन परत शेजारी लावून ठेवतो.

हे सगळं करताना "स्क्रोल फिक्स" या नावाने ईएक्सई फाइल वाटणाऱ्या बऱ्याच साइट भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. लागणाऱ्या गोष्टी दोनच प्रकारच्या आहेत, विंडोजची नाहीतर गेमची स्वतःची सेटिंग्ज, आणि सीएनसी-डीड्रॉसारखे सोर्स खुला असलेले मध्यस्थ, म्हणजे रॅपर. तिसरं काही लागलं नाही.

राहिलं डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या गेमचं. इथे कड, माऊस, नकाशा काही नाही, पडदा खेळाडूच्या मागे सरकतो. कमांडर कीन १९९० चा. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तो लगेच चालतो, पण कीन पळायला लागला की मागची झाडं-खांब मधूनच अडखळतात. बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा कॉम्प्युटर गेमशी पहिला संबंध आला शाळेच्या लॅबमधल्या डेंजरस डेव्ह या गेममुळे. आठवून बघा, डेव्ह पडद्याच्या टोकाला पोचला की खेळ थांबायचा, अख्खा पडदा सरकायचा आणि मग पुढे. त्या काळच्या पीसीला एकसंध सरकणारा पडदा जमत नव्हता. १९९० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, श्रीव्हपोर्टच्या सॉफ्टडिस्क कंपनीत जॉन कारमॅक या प्रोग्रामरने ती रीत शोधली. प्रत्येक वेळी पूर्ण चित्र काढायचं नाही. ईजीए या त्या काळच्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत पडद्यापेक्षा थोडं जास्त चित्र ठेवायचं, कार्डालाच ते पिक्सेल पिक्सेल सरकवायला सांगायचं, आणि ज्या चौकोनी फरश्या बदलल्या तेवढ्याच नव्याने काढायच्या. सहकारी टॉम हॉलला बरोबर घेऊन त्याने एका रात्रीत सुपर मारिओ ३ ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली, आणि मारिओच्या जागी हिरो ठेवला आपला डेव्ह. त्याच तंत्रावर डिसेंबरमध्ये कीन आला.

तर ही इतकी घोटून गुळगुळीत केलेली गोष्ट आज अडखळते ती आकड्यांच्या भांडणामुळे. डॉसबॉक्स ज्याची नक्कल करतं ते व्हीजीए कार्ड ३२० बाय २०० चं चित्र सेकंदाला ७० वेळा पाठवायचं, नेमकं सांगायचं तर ७०.०८. साधा एलसीडी दाखवतो ६०. म्हणजे सेकंदाला दहा चित्रं गायब, दर सातवं. माझ्या १४४ च्या मॉनिटरवर चित्र गायब होत नाही, उलट पाहुणा जास्त दिवस राहतो. प्रत्येक चित्र दोनदा दाखवलं तर १४० होतात, वरचे चार कुठेतरी घुसवायला लागतात, म्हणून सेकंदाला चार वेळा एखादं चित्र तीनदा दिसतं. तेच ते अडखळणं.

मग १४० च करू. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये कस्टम रिझोल्यूशनचा पर्याय असतो, तिथे २५६० बाय १४४० ला १४० हर्ट्झचा नवा मोड बनवला. मॉनिटर क्षणभर काळा झाला आणि मुकाट्याने तयार झाला. डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये डॉस_रेट नावाचं सेटिंग आहे, त्यात ७० लिहिलं म्हणजे ते .०८ चं शेपूटही नको, आणि व्हीसिंक, म्हणजे चित्र मॉनिटरच्या ठोक्याला जुळवणारं सेटिंग, चालू केलं. कीन पळाला आणि झाडं-खांब एका रेघेत मागे गेले. ज्यांचा मॉनिटर ६० चाच आहे त्यांनी कस्टम मोडमध्ये ७० टाकून बघावं, बरेच पॅनल ७५ पर्यंत तक्रार न करता जातात. नाही मानला तर पंधरा-वीस सेकंदांत जुना मोड आपोआप परत येतो. डॉस_रेटमध्ये ६० लिहूनही अडखळणं जातं, पण जे गेम पडद्याच्या ठोक्यावर स्वतःचा वेग मोजतात ते तेवढेच मंद होतात आणि गाणंही ओढल्यासारखं वाजू शकतं, म्हणून तो मार्ग मी घेतला नाही. बदलत्या रिफ्रेशचा, म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंकवाला मॉनिटर असेल तर ही आकडेमोड बहुतेक वेळा करावीच लागत नाही.

डेस्कटॉप परत १४४ वर न्यायचा कंटाळा केला. आता ऑफिसचं कामही १४० वरच चालतं, घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.